स्कीला तुमचं वजन कळू द्या

जळगाव जिल्ह्यात स्कीचं दुकान माझ्या पाहण्यात नाही, आणि ते असावं असं इथे कुणाला वाटण्याचं कारणही नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे सरकतो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, आणि बर्फ म्हणजे रसवंतीवर भुसा लावून गोणपाटात गुंडाळलेली लादी. थंडीची लाट आलीच तर सातपुड्यात, नंदुरबारच्या दाब-तोरणमाळकडे, पहाटे गवतावरचं दव गोठतं आणि त्याचे फोटो पेपरात येतात. एवढंच आमचं बर्फाशी नातं.

तरीही इथल्या बायका स्की शिकायला जातात. बँकेतल्या, शाळेतल्या, केळीच्या बागांचा हिशेब सांभाळणाऱ्या, मुलं शिकायला पुण्या-नाशकाला गेल्यावर पहिल्यांदाच स्वतःसाठी आठ दिवस काढणाऱ्या. भुसावळहून झेलम एक्सप्रेसने जम्मू, तिथून रस्त्याने गुलमर्ग, किंवा दिल्ली गाठून जोशीमठमार्गे औली, हे आमचे जुने रस्ते. जोशीमठाहून औलीला जाणारा चार किलोमीटरचा रोपवे जानेवारी 2023 मध्ये जमीन खचू लागली तेव्हा बंद झाला. उलट जून 2025 मध्ये कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाल्याने काश्मीर बरंच जवळ आलं. मी शिकले औलीला, गढवाल मंडल विकास निगमच्या शिबिरात, वयाच्या चाळिशीत. तेव्हापासून हे वेड सुटलेलं नाही, आणि सुटावं अशी इच्छाही नाही.

पण दरवर्षी गावात परतलेली एखादी तरी जण मला सांगते, "आपल्याला नाही जमायचं ते. आपलं कामच नाही." मी विचारते, स्की किती लांबीची दिली होती? माहीत नाही. कमरेला, म्हणजे स्कीच्या मधल्या बारीक भागाला, किती रुंद? माहीत नाही. बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या पकडीचा, आकडा किती लावला, कुणी विचारलं का वजन? नाही. मग काय आठवतं? "जड होती गं. पायच उचलेना." त्या बाईने स्वतःबद्दल कायमचं एक मत करून घेतलेलं असतं, आणि त्या मताचं मूळ असतं कुणा परक्या पुरुषाच्या मापाची, वापरून बोथट झालेली, तिच्या उंचीपेक्षाही लांब अशी एक जोडी. याचा मला फार राग येतो. म्हणून हा लेख.

स्कीचं वजन सगळ्यात जास्त कुणाला जाणवतं, हा प्रश्न मी बरीच वर्षं मनात घोळवते आहे. वरवर पाहता वाटतं, जोरात जाणाऱ्याला जाणवत असेल. तसं नाही. ज्याला स्की येते त्याच्या पायातली स्की उताराभर बर्फावरच टेकलेली असते. तिचं वजन बर्फ उचलतो. शिकाऊ माणसाला मात्र ती सतत उचलावी लागते. उतारावर आडवं उभं राहून जिन्यासारखं एकेक पाऊल वर चढायचं, तेव्हा उचल. जागच्या जागी वळून तोंड फिरवायचं, तेव्हा उचल. पडल्यावर दोन्ही पाय हवेत करून स्की एका बाजूला आणायच्या आणि मग उठायचं. लिफ्टच्या रांगेत पुढच्याच्या स्कीवर आपली स्की चढली की मागे ओढायची. चेअरलिफ्टला, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या खुर्चीला, पाय ठेवायची दांडी नसली तर बूट आणि स्की मिळून गुडघ्यापासून लोंबकळत राहतात. म्हणजे स्की जितकी कमी येते तितकी ती जास्त उचलावी लागते, आणि वजनाचा सगळा भार नेमका नवशिक्याच्या मांड्यांवर पडतो. दुपारी अडीच-तीनला त्या मांड्या थरथरायला लागतात. पडणं, धडपडणं, गुडघा मुरगळणं हे बहुतेक त्या वेळचं असतं. सकाळी जे जमत होतं ते दुपारी का जमेना, हे त्या बाईला कळत नाही आणि ती स्वतःला दोष देते.

तर हलकी स्की ही चैन नव्हे. पहिले काही हिवाळे ती शिकण्याची अटच आहे.

माझी भाची नोकरीसाठी म्युनिकला असते. तिथून गार्मिश-पार्टनकिर्खेन रेल्वेने दीडेक तासावर, त्यामुळे ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर तीही स्की शिकली आणि दोन हिवाळे भाड्याच्या स्कीवर काढल्यावर स्वतःची जोडी घ्यायचं तिच्या मनात आलं. (गार्मिशचं नाव ऐकून मला भरून आलं होतं. 1936 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तिथेच अल्पाइन, म्हणजे डोंगरउतारावरच्या, स्कीइंगचा पहिल्यांदा समावेश झाला, आणि पहिल्याच वेळी स्त्रियांचीही शर्यत झाली. जर्मनीच्या क्रिस्टल क्रान्त्सने ती जिंकली.) दिवाळीत ती अमळनेरला आली, तेव्हा फराळाच्या ताटापेक्षा स्कीचीच चर्चा जास्त झाली. ओसरीतल्या ज्या भिंतीवर आम्ही सगळ्या पोरांच्या उंचीच्या रेघा ओढत आलो, तिथेच तिला उभं केलं. उंची 158 सेंटिमीटर. हनुवटीपाशी एक खूण केली, ती आली 137 वर. नाकाच्या शेंड्यापाशी दुसरी, 145 च्या आसपास. आईने, म्हणजे तिच्या आजीने, मधली जागा बघितली आणि विचारलं, "इतली लांब पट्टी पायले बांधीसन चालशी कशी वो?"

"चालनं नही माय, घसरनं शे," भाचीने तिच्याच बोलीत उत्तर दिलं आणि घरभर हशा झाला.

हनुवटी ते नाक, हेच नवशिक्या बाईच्या स्कीचं माप. थोडी सराईत झालेली, निळ्या उतारावर आत्मविश्वासाने वळणारी आणि लालकडे बघू लागलेली असेल, तर नाक ते कपाळ. जर्मनी-ऑस्ट्रियात उताराच्या कठीणपणाला रंग असतात, निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. माझी भाची निळ्यावरून लालकडे निघालेली, म्हणून आम्ही 146 ते 150 च्या दरम्यान बघायचं ठरवलं. उंची ही मात्र फक्त पहिली खूण. तेवढ्याच उंचीच्या पण 70 किलोच्या बाईला थोडी लांब स्की लागेल, आणि 45 किलोच्या मुलीला थोडी आखूड. भाचीचं वजन 54. ते तिने पटकन सांगितलं. तिच्या आईने मात्र विषय निघताच स्वयंपाकघरात काही काम काढलं. वजनाचा मुद्दा पुन्हा येणार आहे.

पूर्वी हे माप कसं असायचं ते ऐकलं तर आजच्या मुलींना खरं वाटणार नाही. हात सरळ वर करायचा आणि मनगटापर्यंत पोचेल एवढी स्की घ्यायची. 158 च्या बाईला 185 सेंटिमीटरच्या आसपासची! त्या स्की जवळपास सरळ असत, वळायला वेग आणि ताकद दोन्ही लागे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्लोवेनियातल्या एलान कंपनीने एससीएक्स नावाची स्की आणली, टोकाला रुंद, कमरेला बारीक, शेपटीला पुन्हा रुंद. स्की कलती केली आणि तिच्यावर भार दिला की ती वाकते आणि तिची कड बर्फात एक वर्तुळाकार रेघ कापत जाते. वळण स्कीच्या आकारातच बसवलेलं आहे, बाईने फक्त ते जागं करायचं. त्यानंतर सगळ्यांच्याच स्की आखूड झाल्या. माझ्या मते चाळिशीत शिकायला निघालेल्या बायकांना या खेळाचं दार उघडलं ते या आकाराने. शैलजा कुमार 1988 मध्ये कॅलगरीच्या ऑलिम्पिकमध्ये स्लॅलम, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळत उतरण्याची शर्यत, धावली, हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय स्त्री, 28 वी आली. ते त्या जुन्या सरळ स्कीचे दिवस होते. तिच्या पायांची ताकद काय असेल याचा मी अनेकदा विचार करते.

आता मुद्द्याचं. भार दिला की स्की वाकते, असं म्हटलं. पण कुणाच्या भाराने? 85 किलोच्या पुरुषासाठी बांधलेली स्की 54 किलोच्या मुलीच्या पायाखाली वाकतच नाही. ती ताठ राहते, मधोमध कमानीसारखी उचललेली, आणि कड पूर्ण टेकतच नाही. मग मुलगी खांदे फिरवून, कंबर फिरवून, टाचा ढकलून ती वळवायला बघते. शिक्षक ओरडतो, "पुढे झुका!" ती झुकते, तरी स्की वाकत नाही. चूक तिची नसते. हा प्रसंग मी इतक्या जणींच्या बाबतीत पाहिला आहे की, एखादी नवीन बाई उतारावर खांद्याने वळताना दिसली की मी आधी तिच्या पायाकडे बघते.

माझा भाऊ शेती करतो. ओसरीवरची ही सगळी बोलणी तो सुपारी कातरत ऐकत होता. तो म्हणाला, "पहिलाच वरीसले गोऱ्हाले नांगरले कोनी जुपस का?" गोऱ्ह्याला आधी हलक्या कामाला लावतात, त्याच्या मानेच्या मापाचं जू बघतात. मोठ्या बैलाचं जू नव्या गोऱ्ह्याच्या मानेवर ठेवलं तर मान सोलवटते, आणि मग तो जन्मभर जू बघूनच बिथरतो. इतकं नेमकं मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. बिथरलेल्या बायकाच मला भेटत आल्या आहेत.

हलकेपणा येतो कुठून, तर मुख्यतः लाकडातून. चांगल्या स्कीच्या पोटात लाकडाचा गाभा असतो. पुरुषांच्या किंवा वेगाच्या स्कीत बीच, अॅश अशी जड लाकडं घालतात. बायकांच्या हलक्या स्कीत पॉप्लर आणि पाउलोनिया. पाउलोनिया हे झाड भराभर वाढतं आणि त्याचं लाकूड आपल्या सातपुड्यातल्या सागवानाच्या निम्म्याहूनही हलकं असतं. सुताराच्या हातात दिलं तर तो दोनदा बघेल. या गाभ्याभोवती फायबरग्लासचे थर, कधी कार्बनच्या पट्ट्या. जड आणि वेगवान स्कीत टायटॅनल नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पत्राही असतो. तो थरथर जिरवतो, पण वजन आणि ताठपणा दोन्ही वाढवतो. नवशिक्या बाईला त्याची गरज नाही, मध्यम पातळीच्या बाईलाही बहुधा नाही. अगदी स्वस्त जोडीत लाकडाऐवजी फोमचा गाभा असतो. तीही हलकी असते, पण लवकर मरते, म्हणजे वाकून परत उसळण्याची तिची ताकद जाते. त्यापेक्षा लाकडी गाभ्याची मागच्या हंगामातली जोडी घ्यावी, असं मी भाचीला सांगितलं. मार्च-एप्रिलमध्ये तिकडे हंगाम संपताना मागचं मॉडेल बऱ्यापैकी स्वस्तात निघतं, आणि स्कीच्या बाबतीत मागच्या वर्षीचं आणि यंदाचं यात पुष्कळदा फक्त रंगाचा फरक असतो.

रुंदी. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर स्कीची कंबर अरुंद हवी, 70 ते 78 मिलिमीटर. स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन आली पाहिजे. कंबर जितकी रुंद तितका घोटा आणि गुडघा जास्त राबतो. गुलमर्गची गोष्ट इथे वेगळी सांगायला हवी. गुलमर्ग जगभर ओळखलं जातं ते अफरवट डोंगराच्या खोल, भुसभुशीत बर्फासाठी. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने जवळजवळ 3,980 मीटरवर जायचं आणि न दाबलेल्या बर्फातून उतरायचं, यासाठी परदेशी लोक येतात. म्हणून तिथल्या दुकानांत 100 मिलिमीटरच्या आणि त्याहून रुंद स्कीही भरपूर असतात, दिसायला देखण्या, पाउडर बर्फात तरंगणाऱ्या. त्या आपल्यासाठी नाहीत. आपण गोल्फच्या मैदानालगतच्या उतारावर शिकणार, फार तर पहिल्या टप्प्यावर कोंगदूरीला जाऊन मेरीज शोल्डरच्या चेअरलिफ्टखाली उतरणार. दुकानदाराने कौतुकाने रुंद जोडी पुढे केली तरी हात जोडून परत द्यावी.

उतार दाबणारं यंत्र भाचीने मला व्हिडिओवर दाखवलं होतं. रात्री हॉटेलच्या खिडकीतून तिला डोंगरावर फिरणारे दिवे दिसले. ती पिस्टनबुली नावाची अवजड गाडी, रुंद साखळ्यांची, मागे फिरता दात्यांचा रूळ. दिवसभर लोकांनी उकरलेला बर्फ ती मोडते, सारखा करते आणि मागे बारीक समांतर रेघा सोडत जाते. पहाटेपर्यंत त्या गोठून घट्ट होतात. सकाळी नऊला त्या रेघांवरून पहिली जाणारी बाई भाग्यवान. कड अशी धरते की पायाखालून एक सलग, खरखरीत आवाज येत राहतो, आणि मला वाटतं की त्या आवाजासाठीच मी इतक्या लांब जाते. दुपारपर्यंत मात्र तोच उतार बदलतो. मऊ थर खरवडून बाजूला जातो, खाली काचेसारखा कडक पट्टा उघडा पडतो, आणि कडेला ढिगारे साचतात.

त्या कडक पट्ट्यावर हलक्या स्कीची दुसरी बाजू कळते. ती थरथरते. जड स्की जिथे दबून जाते तिथे हलकी स्की उडते, टकटक करते, वेग वाढला की टोक फडफडतं. हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून हलकी म्हणजे सगळ्यात हलकी नव्हे. बाजारात टूरिंगच्या स्की असतात, डोंगर पायी चढून जाणाऱ्यांसाठी, एकेक स्की किलो-सव्वा किलोची. इंटरनेटवर "हलकी स्की" शोधणाऱ्या मुलीला आधी त्याच दिसतात. भाचीनेही मला तशाच एकीचा दुवा पाठवला होता. त्या दाबलेल्या कडक उतारासाठी नाहीत आणि त्यांची बाइंडिंगही बरेचदा वेगळ्याच जातीची असते. उतारावरची बायकांची चांगली हलकी जोडी बाइंडिंगसह साधारण साडेचार ते साडेपाच किलोची भरते. तेवढं वजन असू द्यावं. शिवाय वजन टोकाशी आहे की पायाखाली, यानेही फरक पडतो. टोकं हलकी असली की तीच जोडी वळवताना निम्मी वाटते. दुकानात एक स्की मधोमध धरून मनगटाने डावी-उजवी फिरवून बघावी. वजनकाट्यापेक्षा ते खरं सांगतं.

टोक जरासं आधीपासून वर उचललेलं असावं, याला रॉकर म्हणतात, आणि पायाखाली मात्र कमान राहिलेली असावी. टोक उचललेलं असल्याने वळण सुरू करताना ते अडकत नाही, आणि पायाखालच्या कमानीमुळे कड धरते. वळणाची त्रिज्या 11 ते 14 मीटरची. तळाला एक्सट्रुडेड, म्हणजे वितळवून दाबून काढलेलं, प्लास्टिक असलं तरी चालेल. ते सिंटर्डपेक्षा, म्हणजे भुकटी तापवून दाबून केलेल्या तळापेक्षा, थोडं हळू पळतं, पण मेण लावायची कटकट कमी आणि दुरुस्ती सोपी. कडा मात्र तपासाच. अंगठ्याचं नख कडेवरून हलकेच आडवं ओढा. नखाची पांढरी भुकटी निघाली तर कड जिवंत आहे. भाड्याच्या जोडीला ही परीक्षा घेतल्याशिवाय हात लावू नका, आणि बोथट असेल तर धार लावून मागा. तो तुमचा हक्क आहे. पैसे तुम्ही मोजता.

"बायकांची स्की" या नावाबद्दल मला दोन्ही बाजूंनी बोलावंसं वाटतं. खूप वर्षं बायकांची स्की म्हणजे पुरुषांचीच स्की आखूड करून वर फुलं काढलेली. अजूनही काही मॉडेलं दोन रंगांत येतात आणि आतून एकच असतात, म्हणून नुसता रंग बघून घेऊ नये, आणि सर्वांसाठी म्हणून विकलेली एखादी हलकी, मऊ, आखूड स्की आपल्या मापात बसत असेल तर तीही आनंदाने घ्यावी. पण जिथे खरोखर वेगळं बांधलेलं असतं तिथे त्याला कारण आहे. बायकांचं वजन सरासरीने कमी, शरीराचा गुरुत्वमध्य थोडा खाली. अमेरिकेतल्या जीनी थोरेन या स्कीपटू बाईंनी अनेक वर्षं हट्टाने मांडलं की, बायकांचं बाइंडिंग स्कीवर थोडं पुढे बसवायला हवं, म्हणजे टोकावर भार सहज येतो आणि वळण सुरू होतं. आज बायकांच्या कितीतरी स्कीवर ते पुढेच बसवलेलं असतं. बुटांचंही तसंच. बायकांच्या पोटरीचा स्नायू सहसा खालपर्यंत येतो, म्हणून त्यांच्या बुटाची मान आखूड आणि वरून रुंद करतात. पुरुषांचा बूट घातला की पोटरी चिमटली जाते, आणि बाई सांगायला लाजते.

बुटांचं एवढ्यावरच सोडते, फक्त एक सांगते. पैसे मोजकेच असतील तर आधी बूट घ्या, स्की भाड्याने आणा. पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा, तोच बुटाचा नंबर. ताठपणा म्हणजे फ्लेक्स 60 ते 80. घोटा आत हलत असेल तर जगातली सगळ्यात चांगली स्कीही तुमचं ऐकणार नाही.

आता गुडघा. हे बोलताना मी आवाज मुद्दाम मोठा करते. स्कीइंगमध्ये गुडघ्याच्या आतल्या एसीएल या अस्थिबंधाला इजा होण्याचं प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आहे. बाइंडिंग पडताना बूट सोडतं, ते प्रामुख्याने नडगीचं हाड वाचवण्यासाठी बनवलेलं आहे. गुडघ्याची पूर्ण हमी ते देत नाही. पण ज्या बाइंडिंगचा आकडा तुमच्या आधी नेलेल्या माणसाच्या वजनावर लावलेला आहे, ते नडगीचीही हमी देत नाही. तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती जोरात जाता यावरून तक्त्यात बघून लावायचा असतो. पन्नाशीनंतर तो कमी धरतात. एका डोंगरगावातल्या भाड्याच्या दुकानात आमच्या गटातल्या बायकांना रांगेत उभं करून, पायाकडे बघून, बूट आणि स्की हातात देत गेले. एकीलाही वजन विचारलं नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं, लेडीज लोगों को सब चलता है. त्या दिवशी मी तिथेच बसून एकेकीचं बाइंडिंग तपासून घेतलं. तिथल्याच एका म्हाताऱ्या कारागिराने ते स्क्रूड्रायव्हरने नीट लावून दिलं. त्याला येत होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आणि इथे बायकांचाही थोडा हातभार आहे. वजन विचारलं की आपण पाच किलो कमी सांगतो. लग्नाच्या हॉलमध्ये सांगा, पण स्कीच्या दुकानात नको. कमी सांगितलं तर बाइंडिंग नको तिथे सुटेल आणि भरधाव उतारावर पायातली स्की निघून जाईल. जास्त सांगितलं, म्हणजे दुकानदारावर छाप पाडायला "मी एक्स्पर्ट आहे" म्हटलं, तर सुटायला हवं तिथे सुटणार नाही. आपल्या शरीराचा खरा आकडा मोठ्याने सांगणं हे मला या खेळाने शिकवलं, आणि ते डॉक्टरकडेही उपयोगी पडलं.

भाचीने शेवटी 149 सेंटिमीटरची घेतली. कंबर 74, पॉप्लर-पाउलोनियाचा गाभा, टोकाला थोडा रॉकर. 146 नाही घेतली, कारण टोक उचललेलं असलं की बर्फावर टेकणारी कड आखूड होते, आणि त्या दुकानातल्या बाईने तिला दोन्ही लांब्या अर्धा-अर्धा दिवस वापरून बघायला दिल्या. तशी सोय असेल तर ती सोडू नये. दुपारनंतरच्या कडक बर्फावर 149 कमी थरथरली, असं तिने कळवलं. तिच्या पायाने तिला सांगितलं, आमच्या ओसरीवरच्या रेघांनी नाही, आणि मला ते फार आवडलं. तिची आजी फोनवर फक्त एवढंच विचारत होती, "वजन कितलं शे तिचं?" स्कीचं म्हणजे. बाइंडिंगसकट पाच किलोच्या आत आहे म्हटल्यावर तिला बरं वाटलं. पूर्वी नदीवरून पाण्याच्या घागरी आणलेल्या बाईला खांद्यावरच्या पाच किलोचा अर्थ बरोबर कळतो.

येत्या फेब्रुवारीत आमच्याकडच्या काही जणी गुलमर्गला निघाल्या आहेत. चोपड्याच्या, पारोळ्याच्या, धुळ्याच्या दोघी मायलेकी, आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका, वय 61. मी एक तक्ता केला आहे आणि तो तिथल्या दुकानदाराला आधीच पाठवणार आहे: उंची, हनुवटीची उंची, वजन, वय, पावलाची लांबी, याआधी स्की केली आहे का. प्रत्येकीसमोर मला हवी ती लांबी लिहिली आहे. मुख्याध्यापिका बाई 152 सेंटिमीटर उंच, म्हणून त्यांच्यासाठी 136-138 ची, मिळेल ती सगळ्यात मऊ, आणि वयाप्रमाणे बाइंडिंगचा आकडा खाली. मायलेकींमध्ये लेक आधी औलीला शिकलेली, तिला कपाळापर्यंतची चालेल. आईला हनुवटीइतकीच द्यायची, लेक कितीही हट्ट करो.

ग्रुपवर वजन टाका म्हटलं तेव्हा कुणीच टाकलं नाही. मग मला एकटीला पाठवा म्हटलं, तर अर्ध्या तासात आले. एकीने वर लिहिलं होतं, आत्ताच काट्यावर उभी राहिले, हे खरं आहे. फक्त पारोळ्याच्या ताईंचं यायचं राहिलं आहे. त्यांच्याकडे काटा नाही, म्हणून संध्याकाळी त्या बाजार समितीतल्या काट्यावर जाऊन येणार आहेत. आठपर्यंत त्यांचा आकडा आला की तक्ता पुरा होईल.